पडवीतली स्पॅनिश

ओला बोंबील वाळत घालायला सुतळी लागत नाही. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. पुष्पलताने एकदा जवळून निरखलं होतं: दात आतल्या बाजूला वळलेले असतात, म्हणून वारा कितीही सुटला तरी जोडी निसटत नाही. आज मात्र ती बोंबलांकडे बघत होती ते केवळ समोर बसलेल्या कमलाकांतकडे बघावं लागू नये म्हणून.

कमलाकांत स्पॅनिश शिकत होता. चिंचणीत याआधी कोणी स्पॅनिश शिकल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. पण तो तारापूरला अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर एका परदेशी ठेकेदाराकडे मोजणीदार होता, आणि त्या ठेकेदाराला दक्षिण अमेरिकेत धरणाचं काम मिळालं होतं. पुष्पलता मुंबईला रसायनशास्त्र शिकत असताना कॉलेजातल्या एका म्हाताऱ्या स्पॅनिश पाद्र्यांनी तिला ही भाषा शिकवली होती. तेव्हा वाग्दत्त वधू असताना दुसरी शिकवणी शोधण्याचा मूर्खपणा कोण करील?

वाग्दत्त हा शब्द जरा जड झाला. चार वर्षांपूर्वी याच पडवीत मच्छीमारांच्या वाड्याचा म्होरक्या रामा तांडेल याने सुपारी फोडली आणि लग्न पक्कं झालं. तेव्हापासून ते पक्कंच होतं. इतकं, की जागचं हलत नव्हतं. आधी कमलाकांतच्या घरची होडी बांधून व्हायची होती, मग आजीचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, मग धरण आलं. बरं, सोयरीक सोडून द्यावी तर वाड्याचा रिवाज आडवा. मोडली हा शब्द जो पहिल्यांदा उच्चारील, दोष त्याच्या घराला. सगळ्या वाड्याला जेवण त्याने घालायचं, आणि मग बराच काळ त्या घरात कोणी स्थळ घेऊन फिरकायचं नाही. पुष्पलताची धाकटी बहीण मंदा अजून बिनलग्नाची होती. त्यामुळे दोन्ही घरं एकमेकांचा मान राखून गप्प होती.

इकडे प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी तपासायला माणूस हवं होतं. निवड पुष्पलताची झाली होती. तिथल्या साहेबांनी एवढंच विचारलं होतं, "बाई, तुम्ही इथे राहणार की लग्न करून जाणार?" उत्तर उद्या द्यायचं होतं.

"ला पुएर्ता एस्ता सेर्रादा," ती म्हणाली. "दार बंद केलेलं आहे. त्यांच्याकडे दार स्त्रीलिंगी, म्हणून सेर्रादा. पुस्तक पुल्लिंगी, म्हणून लिब्रो सेर्रादो. आपल्यासारखंच. मिटलेली छत्री, मिटलेला डोळा."

"पण दार बंद कोणी केलं?"

"ते या वाक्यात सांगावं लागत नाही."

कमलाकांतचा चेहरा उजळला. क्रियापदांनी त्याचा वर्षभर छळ मांडला होता; हा धडा मात्र त्याने आईच्या पोटातून शिकून आल्यासारखा उचलला. उघडलेल्या खिडक्या, विकलेले मासे, तुटलेली वल्ही. लिंग नाही चुकलं, वचन नाही चुकलं.

"आता दुसरा प्रकार. ला पुएर्ता फुए सेर्रादा पोर रामा. दार रामाकडून बंद केलं गेलं. पोर म्हणजे कडून. ते आलं की पुढे करणाऱ्याचं नाव येतं."

"पोर घालायलाच हवं का?"

"नाही घातलं तरी वाक्य शुद्ध असतं."

"छान भाषा आहे," कमलाकांत मनापासून म्हणाला, आणि त्याने वाक्य केलं, "एल बिल्येते एस्ता कोम्प्रादो. तिकीट काढलेलं आहे."

"बरोबर," पुष्पलता सवयीने म्हणाली. मग तिने मान वर केली. "हे उदाहरण आहे की बातमी?"

"उदाहरणच. म्हणजे, काढलेलंही आहे."

तिची आई ठकी चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. "कसला तिकीट रं?"

"बोटीचं, मावशी."

"कोनी काडला?"

"काढलं गेलं."

"गेला म्हंजे? आपला आपन चालत गेला? किती काडली?"

"सध्या एकच काढण्यात आलंय. एकट्यानेच जावं असं ठरवण्यात आलं."

कोपऱ्यात जाळं विणत बसलेल्या रामा तांडेलने सुई थांबवली. "कोनी ठरवला? तुज्या कंपनीनं का तुज्या बापानं?"

"दोन्हीकडून विरोध केला गेला नाही, काका."

"तुला त्वांड हाय का नाय?"

"आणि लग्न?" पुष्पलताने विचारलं.

"त्याचाही विचार केला जाईल. परत आल्यावर."

"तोवर माझ्याकडून वाट पाहिली जावी, असं अपेक्षिलं गेलंय?"

"तू समजूतदार आहेस, असं आमच्या घरी नेहमी बोललं जातं," कमलाकांत म्हणाला, आणि त्याने चहाची बशी तोंडाला लावली.

पुष्पलताला त्याचा राग आला असता तर सोपं झालं असतं. पण परवाच ती साहेबांना म्हणाली होती, 'घरी विचारून कळवलं जाईल.' घरी तिने कोणाला काही विचारलं नव्हतं. चार वर्षं दोघांनी एकच धडा गिरवला होता. फक्त तिला त्याचे नियम ठाऊक होते.

ठकीने लेकीचं ते तोंड ओळखलं. "पुष्पे, गप ऱ्हा," ती हळूच म्हणाली. "मंदाचा इचार कर."

"माजा नाव मदी आनू नका," आतून मंदा ओरडली. "मला अजून मॅट्रिक व्हायचाय!"

पुष्पलता उठली. कमलाकांतला ओलांडून ती रामा तांडेलसमोर जाऊन उभी राहिली.

"रामाकाका, सुपारी तुम्ही फोडलीत, म्हणून तुम्हालाच सांगते. ही सोयरीक मी मोडतेय. वाड्याला जेवण कधी घालू?"