धोंडुबाईची हलकी घागर

२००२ च्या जुलैत गडमुडशिंगीच्या रानात भुईमुगानं माना टाकल्या आणि गावानं महादेव पाण्यात कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्याच्या दाराला आडवी फळी लावायची, फटी मातीनं लिंपायच्या आणि पिंड बुडेपर्यंत बायकांनी विहिरीचं पाणी आणून ओतायचं. मग देव गुदमरतो आणि पाऊस पाडतो म्हणे. खरंखोटं त्या देवालाच ठाऊक. आकारामचं रान सगळ्यांत जास्त करपलं होतं, म्हणून उंबऱ्यावर उभं राहून घागरी ओतायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं.

बायकोचा नंबर आला. धोंडुबाईच्या डोक्यावरच्या घागरीला त्यानं हात घातला, तर ती फुलासारखी वर आली. आत थेंब नव्हता. मागं अख्खी रांग खोळंबलेली. आकाराम "आई गं" म्हणत कण्हला, मोठं ओझं उचलल्यासारखा वाकला आणि ती घागर त्यानं फळीपलीकडं उपडी केली. चेहरा मात्र असा केला की बघणाऱ्याला दया यावी.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "काय गं हे?"

"पोरगी एकटी हाय तिकडं," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

त्यांची संयोगिता तीन वर्षांपूर्वी फ्लोरिडाला वादळांचा अभ्यास करायला गेली होती. राहायची समुद्राच्या काठाला. तिनंच मागं फोनवर समजावलेलं: प्रशांत महासागर तापला की आपल्याकडं पाऊस बहुतेक हात आखडता घेतो. तेव्हाच तिच्या समुद्रावर वरचा वारा आणि खालचा वारा एकमेकांशी पटवून घेत नाहीत, वादळाचं डोकं एकीकडं आणि धड एकीकडं होतं, ते उभंच राहत नाही. महासागर गार पडला की सगळं उलटं. धोंडुबाईनं त्यातलं एवढंच धरून ठेवलं, की आपल्याला पाऊस म्हणजे लेकीला वादळ.

आकाराम तिला ओढतच बाळासोच्या फोनच्या बूथवर घेऊन गेला.

घागरीचं ऐकून संयोगिता आधी खो-खो हसली. "आबा, घागरीनं महासागर गार हुतोय व्हय? आन् वादळ काय सोताच्या पायानं चालतंय? पुरातल्या ओंडक्यागत हाय ते. मोठा वारा न्हेईल तिकडं जातंय. आईला म्हणावं, खुशाल पाणी घाल."

मग तिनं आवाज खाली आणला.

"पर मी बी येडीच की. हितं वादळ तयार झालं की लोक खिडक्यांना फळ्या ठोकत्यात आन् मला आधी बरं वाटतंय. म्हटलं, तिकडं आबांच्या रानात पाऊस लागला आसंल."

आकारामनं रिसीव्हर बायकोच्या कानाला लावला आणि म्हणाला, "सांग परत, आईला सांग."

पोरीनं सांगितलं. धोंडुबाई अशी कडाडली की बाळासो खुर्चीतून उठला. "वादळ मागतीस व्हय गं, भवाने? आमच्या चार शेंगांसाठनं?"

तिकडून हुंदका आला. धोंडुबाईचा आवाज एकदम बसला.

"शेंगा जळू देत बाय. तू घरला ये."