पाच पॉइंट चार, बाण खाली

ज्वारीच्या पिठाची पिशवी बास्केटमध्ये टाकता टाकता वरदानं फोन पाहिला. पाच पॉइंट चार. शेजारी खाली झुकलेला बाण. मघाशी मेथीची जुडी निवडताना पाहिलं, तेव्हाही हेच होतं.

हा आकडा दर पाच मिनिटांनी बदलायचा. सियाच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला होता. तो तिची साखर मोजायचा, तिच्यासोबतच्या छोट्या फोनला सांगायचा, आणि तो फोन वरदाच्या फोनला. दीड वर्षापूर्वी, अवघ्या साडेचार वर्षांच्या पोरीला टाइप वन डायबेटिस निघाला, तेव्हापासून वरदाचा अर्धा जीव या आकड्यात असायचा. चारच्या, म्हणजे भारतातल्या मापानं बहात्तरच्या, खाली गेला की ताबडतोब ज्यूस, हे शाळेलाही लिहून दिलेलं होतं. पण वरदा चारपर्यंत थांबायचीच नाही. आकडा पाचला टेकला आणि बाण खाली दिसला, की तिनं शाळेला फोन लावलाच. "हॅलो" म्हणायच्या आत ऑफिसातली बाई तिला ओळखायची.

आकड्याखाली बारीक अक्षरं होती. अठरा मिनिटांपूर्वी.

तिनं अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

आज शाळेची ट्रिप होती, हेन्लीच्या पुढे कुठल्याशा फार्मवर. आणि नेमकी आजच ती मेडनहेडचं घर सोडून लंडनमध्ये वेम्बलीला खरेदीला आली होती, दीड वर्षात पहिल्यांदा. नवऱ्यानं, अंशुमननंच आग्रह केला होता. "जा गं. आकडा काय, किचनमध्ये बसून बघितलास काय नि ईलिंग रोडवर बघितलास काय. सारखाच दिसतो."

सारखाच दिसत होता खरा.

तिनं शाळेचा नंबर लावला. रिंग वाजलीच नाही. एक उत्साही रेकॉर्डेड आवाज म्हणाला, तुमची सेवा सध्या मर्यादित करण्यात आली आहे, पेमेंट करण्यासाठी एक दाबा. तिनं कट करून परत लावला. तोच आवाज, तोच उत्साह. इंटरनेटही बंद. अंशुमनला लावला, तरी तेच.

काउंटरवर दुकानाचे मालक विष्णूभाई चष्मा कपाळावर चढवून भेंडी तोलत होते. वरदा रांग तोडून पुढे घुसली.

"अंकल, एक फोन करने दो ना, प्लीज. मेरी बेटी..."

भेंडी घेणारी बाई काहीतरी बोलणार होती, वरदाचा चेहरा बघून बाजूला सरकली. विष्णूभाईंनी काही न विचारता आपला फोन पुढे केला. "ले, बेटा. ले ले."

शाळेच्या ऑफिसातल्या बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काळजी करू नका, मी मिस हॅलमना लगेच गाठते. याच नंबरवर कळवू ना?"

मिस हॅलम म्हणजे सियाच्या वर्गातली असिस्टंट. सियाचा फोन, ज्यूस, सुईचं यंत्र, सगळं तिच्या कमरेच्या पाउचमध्ये असायचं. वरदा तांदळाच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. मनातल्या मनात ती सियाची साखर उतरवत होती. अठरा मिनिटांत पाच पॉइंट चारचे चार झाले असतील. की साडेतीन? तीन झाली की सिया घामेजते, मग हसायला लागते, उगीचच. घरी एकदा ती तशी हसत हसत जिन्यात बसली होती, आणि वरदाला वाटलं होतं पोरगी खेळतेय.

"वाय-फाय लगा ले," विष्णूभाई म्हणाले. "दुकान का नाम, और एक-दो-तीन-चार."

वाय-फाय लागलं. अ‍ॅप उघडलं, गोल गोल फिरलं.

पाच पॉइंट चार. बाण खाली. सव्वीस मिनिटांपूर्वी.

म्हणजे एकट्या वरदाचा फोन मेलेला नव्हता. सियाचाही मेला होता.

आणि मग तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दोन्ही फोन एकाच कॉन्ट्रॅक्टवर होते. नवे नवे पुण्याहून आले तेव्हाची गोष्ट. हाय स्ट्रीटवरच्या दुकानात तो गोड बोलणारा पोरगा म्हणाला होता, फोन फ्री आहे, आज काहीच द्यायचं नाही, वर हा छोटा फोनही घेऊन जा. अंशुमन रस्त्यात दोनदा म्हणाला होता, "काय देश आहे यार, फोन वाटतात!" छोटा फोन ड्रॉवरमध्ये पडून राहिला, आणि पुढे सियाचा झाला. फ्री कुठला असायला? दोन्ही फोनची किंमत महिन्याच्या बिलात वाटून घातलेली होती, फक्त तसं कुठे लिहिलं नव्हतं. दोन वर्षं मार्चमध्ये संपली. बिल मात्र तेवढंच येत राहिलं, म्हणजे फिटलेल्या फोनची किंमत ते पुन्हा भरत होते. मे महिन्यात अंशुमनच्या लक्षात आलं.

"अगं, ईएमआय संपला तरी कापतायत हे लोक!"

पुण्यात फ्रिजचा हप्ता संपला की संपला. बँक आपणहून थांबते, कोणाला सांगायला जावं लागत नाही. त्यानं बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि दर महिन्याला आपोआप बिल भरणारं डायरेक्ट डेबिट अंगठ्यानं उडवून टाकलं. "बघ, एका मिनिटात." वरदानं त्याला त्या खुशीत चहा करून दिला होता. कॉन्ट्रॅक्ट आपण कळवल्याशिवाय संपत नाही, एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

आणि मेसेज? ते आले होते. तुमचं पेमेंट मिळालेलं नाही, सेवा बंद होऊ शकते, इथे क्लिक करा. एक नाही, चार. वरदा अशा बाबतीत फार सावध. तिनं चारही डिलीट केले. त्यातल्या एकाचा स्क्रीनशॉट तर महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला, 'मैत्रिणींनो, असं काही आलं तर उघडू नका, फ्रॉड आहे.' बारा अंगठे आले. देवयानीनं लिहिलं होतं, 'तुझं लक्ष असतं म्हणून आम्ही वाचतो गं बाई.'

हातातला विष्णूभाईंचा फोन वाजला. तिनं कानाला लावला.

"विष्णूभाई, धनिया आज नहीं आएगा, लॉरी..."

"बेटी का फोन आने वाला है, रखो!" वरदा इतक्या जोरात ओरडली, की विष्णूभाईंनी हातातला काटा खाली ठेवला. "सही बोला," ते रांगेतल्या लोकांना म्हणाले. "धनिया कल भी मिलेगा."

कोणीतरी हसलं. वरदाला ऐकू आलं नाही. परत फोन वाजला.

"मिसेस केळकर? मी हॅलम बोलतेय. सिया ठीक आहे. माझ्या शेजारीच बसलीय."

वरदा पोत्यावर बसली.

"किती होती?"

"थ्री पॉइंट वन. ती मेंढ्यांच्या कुंपणापाशी खाली बसली आणि म्हणाली, माझे पाय जेलीचे झालेत. मी लगेच बोट टोचून पाहिलं, ज्यूस दिला. आता चार पॉइंट सहा आहे."

"फोनचा अलार्म वाजला नाही? त्याला तर नेटवर्कही लागत नाही."

"वाजला असणार. ट्रॅक्टरचा आवाज होता, मुलं ओरडत होती. आणि खरं सांगू का? आकडा उतरायला लागला की तुमचा फोन येतोच. दर वेळी. आज आला नाही, म्हणून मी समजले सगळं ठीक आहे."

दीड वर्ष वरदाला वाटत होतं, आपण पोरीवर डोळे ठेवून आहोत. आपल्या डोळ्यांच्या भरवशावर बाकीच्यांनी आपले मिटले असतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दर दहा मिनिटांनी बोट टोचा," ती म्हणाली. "मी येईपर्यंत. त्या फोनच्या भरवशावर राहू नका."

मग तिनं आपल्या फोनवर एक दाबलं. फोन कंपनीतला डॅरन नावाचा मुलगा लाइनवर आला, तोही उत्साही. थकलेले पैसे तिनं तिथेच कार्डावर भरले, एक महिन्याची नोटीसही दिली.

"लाइन कधी सुरू होईल?"

"चोवीस तास लागू शकतात. पण एक चांगली बातमी आहे! तुम्ही अपग्रेडला पात्र आहात. नवा फोन घेतलात तर दोन्ही लाइन मी आत्ता, याच क्षणी सुरू करू शकतो. आज काहीही भरायचं नाही."

"किती वर्षं?"

"फक्त तीन."

हो तिच्या ओठांवर आलं होतं. याच क्षणी, म्हणाला तो. तिच्या डोळ्यांपुढे मेंढ्यांचं कुंपण होतं, आणि त्याच्याशी खाली बसलेली सिया. तीन वर्षं काय, त्या घटकेला कोणी दहा म्हटलं असतं तरी तिनं सही केली असती. विष्णूभाई काउंटरवरून तिच्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, नाही, आणि बोट वर केलं. त्यांच्या डोक्यावर, पानमसाल्याच्या पुड्यांशेजारी, प्रीपेड सिमकार्डांची पाकिटं लटकत होती.

"दस पाउंड," ते कुजबुजले. "ना साइन, ना साल."

तिनं डॅरनचा फोन ठेवला. दोन सिम घेतली. ज्वारीचं पीठ काउंटरवरच राहिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये ती आपल्या फोनमध्ये नवं सिम घालून बसली होती. तिचा फोन जिवंत झाला होता. सियाचा आकडा मात्र तसाच, पाच पॉइंट चार, आणि खालची मिनिटं वाढत चाललेली. मेडनहेड येईपर्यंत तिनं चार वेळा शाळेला फोन केला. चार वेळा 'सगळं ठीक आहे' ऐकलं, आणि चारही वेळा आकडा विचारून घेतला.

तीनला शाळेच्या फाटकाशी बस लागली. मिस हॅलम सियाला हाताशी धरून उतरली. "सॉरी," ती म्हणाली. वरदाही म्हणाली, "सॉरी." मिस हॅलमनं कमरेचं पाउच सोडून तिच्या हातात दिलं.

"मम्मा, तू कॉल नाही केला," सिया म्हणाली. तिच्या बुटांना चिखल होता आणि केसात गवताची काडी. "मी वेट केला. मिस पण वेट केली."

"हो रे बाळा."

फुटपाथवरच वरदा खाली बसली. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिनं छोट्या फोनचा सिमचा खण उघडायचा प्रयत्न केला. पिन तीनदा निसटली. चौथ्यांदा खण बाहेर आला. जुनं सिम गटारीत पडलं, तिनं उचललं नाही. नवं बसवलं.

आकडा हलला. सात पॉइंट शून्य. सरळ बाण.

तिनं पाउचमधून सुई काढली. "बोट दे, सिया."

"पण फोनमध्ये आला ना!"

"दे बाळा."

रक्ताचा थेंब सात पॉइंट दोन म्हणाला. म्हणजे बरोबरच होतं. इतर आया मुलांना घेऊन गेल्या, बस वळून गेली, मिस हॅलम फाटकातून एकदा मागे वळून बघून आत गेली. सिया तिचा कुर्ता ओढत म्हणत होती, मम्मा, घरी चल ना, मला बकरीची गोष्ट सांगायची आहे. वरदानं तिला उचलून घेतलं, तिच्या घामट मानेवर नाक टेकवलं, आणि दुसऱ्या हातात फोन धरून तिथेच उभी राहिली. पुढचा आकडा यायला पाच मिनिटं होती.