शेवटच्या नळाचं सॅम्पल

घोडेखिंडीचे सरपंच आप्पासाहेब यांना त्या कार्डातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. म्हणजे पुढं कुणावर अन्याय नको.

कार्ड तळहाताएवढं. गावाचं पाणी वर्षातून दोनदा तपासतात. चांगलं निघालं तर हिरवं कार्ड, वाईट निघालं तर लाल. पाच वर्षं ओळीनं हिरवं मिळालं की चंदेरी. आप्पासाहेबांच्या पदरात चार वर्षांची हिरवी होती. पाचव्या वर्षाचं पडलं की साताऱ्यात सत्कार, शाल, नारळ आणि साहेबांच्या खांद्याला खांदा लावून फोटो. तो फोटो दहिवडीच्या चौकात फ्लेक्सवर. फ्लेक्सवरून पंचायत समितीचं तिकीट. शिवाय त्यांचे व्याही कडेगावकडचे, उसाच्या पट्ट्यातले. पोरगी दिल्यापासून दर जेवणाला विचारायचे, "तुमच्या माण तालुक्यात प्यायला तरी पाणी असतं का हो?" त्याचं उत्तर चौकटीत घालून सोप्यात टांगता आलं असतं. खिळा तर ठोकूनच ठेवला होता. खरं सांगायचं तर तिकिटापेक्षा त्यांचा जीव त्या खिळ्यात अडकला होता.

सॅम्पल कसं घ्यायचं याचीही गावात रीत पडलेली. तालुक्याहून माणूस यायचा असला की आदल्या दिवशी दादासो टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर सढळ हातानं टाकायचा. दादासो म्हणजे पंचायतीचा नळ सोडणारा. पाहुणा यायच्या आधी घर सारवावं तसा तो टाकी सारवायचा. एरवी पावडरीचं पोतं भिंतीला टेकून झोपलेलं. सॅम्पल टाकीखालच्या नळाचं, आणि तो नळ आप्पासाहेबांच्या फाटकाला लागून. बाटली भरेपर्यंत आतून चहा यायचा. पाणी नेहमी पास. चहाही बरा.

पण पाणी टाकीतून निघून पुढं जातं, हे रीत पाडणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. ते आळीतून अंगणवाडीला आणि तिथून ओढ्याकडच्या बौद्धवस्तीला जायचं. नळ चौथ्या दिवशी सुटायचा. मधले दिवस पाईप रिकामी. रिकामी पाईप आणि रिकामा माणूस, दोघंही मिळेल ते आत ओढून घेतात. ही पाईप गटाराखालून गेलेली. पाण्याच्या दिवशी पहिली घागर काळपट यायची आणि तिला वास असायचा. वस्तीतल्या बाया ती ओतून द्यायच्या आणि दुसरी भरायच्या. दुसरी दिसायला बरी असायची, एवढंच.

वस्तीतलं शेवटचं घर चंद्राबाईचं. मुलगा कपिल मुंबईत टेम्पोवर. घरात ती, सून प्रियदर्शनी आणि चार वर्षांची नात साक्षी. दिवाळीपासून साक्षीला दोनदा सलाईन लागलं होतं. हाताच्या शिरा सापडेनात म्हणून दुसऱ्या खेपेला पायाला लावलं. डॉक्टर प्रियदर्शनीला म्हणाले, "पोरीचं वजन बघा. आणखी एकदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

हे डॉक्टर खाजगी. वस्तीत कुणालाही जुलाब लागले की आप्पासाहेब जातीनं येऊन सांगायचे, "सरकारीत कशाला हेलपाटे? दहिवडीत आपला डॉक्टर हाय. बिलाचं मी बघतो." लोक हात जोडायचे. देवमाणूस! आता हिशेबच मांडलाय तर हेही मांडू. खाजगीत नुसतं सलाईन लागतं. सरकारीत पेशंटची नोंद होते, ती वर जाते, आणि तिच्याबरोबर गावाचं नावही जातं.

ग्रामसभेत प्रियदर्शनी उभी राहिली.

"औंदा सॅम्पल शेवटच्या नळाचं घ्या."

"का गं? टाकीचं पाणी वेगळं आन् तुमचं वेगळं हाय व्हय?" दादासो म्हणाला.

"टाकी आजारी पडत न्हाई, भावजी. आमी पडतोय."

माणसं हसली. आप्पासाहेबही हसले. नाही म्हटलं असतं तर चार तोंडांना विषय मिळाला असता.

"घ्या की! कुणी अडवलंय? लिहा, ग्रामसेवक. शेवटचा नळ, चंद्राबाईच्या दारातला."

आणि सॅम्पल घेणाऱ्याला त्यांनी नेमका कोरडा दिवस दिला. नळच कोरडा म्हटल्यावर माणूस हात हलवत परत फाटकाशी येणार, मग चहा, मग टाकीखालचा नळ. गणित चोख होतं. त्यात चंद्राबाई मात्र धरलेली नव्हती.

सॅम्पल घेणारा मल्हार मोटारसायकलवरून आला तेव्हा प्रियदर्शनी घरात नव्हती. साक्षीचं पोट पुन्हा बिघडल्यासारखं वाटलं म्हणून ती सकाळच्या एसटीनं तिला दहिवडीला घेऊन गेली होती. मल्हारची अजून चार गावं राहिली होती आणि सॅम्पलच्या खोक्यातला बर्फ वितळत होता. त्यानं नळ फिरवला. नळानं नुसती हवा सोडली.

"आजी, पाणी न्हाई व्हय?"

"आज कुठलं? परवा येतंय."

"मग घरात भरलेलं हाय का? तुमच्या घरचं पाणी न्ह्यायचंय. साताऱ्याला."

चंद्राबाईनं पदर सारखा केला. तिच्या आईच्या दारात गावातला माणूस कधी पाणी प्याला नव्हता. तिच्या स्वतःच्या दारात साहेब लोक यायचे, मतं मागायचे, फोटो काढायचे, आणि "पाणी घ्या" म्हटलं की त्यांना आत्ताच कुठंतरी चहा झालेला असायचा. आज पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन म्हणत होतं, तुमच्या घरचं पाणी द्या. आणि ते जिल्ह्याला जाणार होतं.

"बसा वाईच," ती म्हणाली.

तिनं तांब्या चिंच लावून लख्ख घासला. नळाच्या पाण्याच्या बादलीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. साक्षीसाठी उकळून दोनदा गाळलेलं पाणी तांब्याच्या हंडीत झाकून ठेवलेलं होतं, त्यातलं घेतलं.

"बाटलीत भुकटी हाय वो. इसळून देऊ का?"

"न्हाई न्हाई, ती लॅबनंच घातलेली असतीया. नळाचंच हाय न्हवं?"

"मग काय हिरीचं? नळाचंच."

वाहत्या नळाशिवाय सॅम्पल घेऊ नये, हे मल्हारला ठाऊक होतं. पण बर्फही वितळत होता. त्यानं बाटली भरली, चिठ्ठी डकवली, आणि जाता जाता उरलेलं तांब्याभर पाणी स्वतः पिऊन गेला. चंद्राबाई तो रिकामा तांब्या संध्याकाळपर्यंत हातात घेऊन दारात बसली होती.

निकाल गावच्या ग्रुपवर आला. "शेवटच्या नळाचे पाणी पिण्यास योग्य." खाली आप्पासाहेबांचे जोडलेले दोन हात. त्याखाली सगळ्या गावाचे.

प्रियदर्शनीनं मोबाईल खाली ठेवला.

"आत्या, त्या दिवशी नळाला पाणी कुठं हुतं?"

"नव्हतंच. म्हणून तर हंडीतलं दिलं. बाटलीत असं दिसत हुतं, जशी काचच भरलीया."

प्रियदर्शनी भिंतीला टेकून खाली बसली.

"आत्या, ते घाण निघायला पायजे हुतं."

"आपल्या घरचं?"

"नळाचं! अंगणवाडीत साक्षी त्येच पिती. तितं कोण उकळतंय? आता लाईन कोण बदलील? योग्य म्हणून लिवलंय त्यांनी!"

चंद्राबाईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती उठली, पायात चप्पल घातली आणि सुनेला घेऊन आप्पासाहेबांच्या फाटकाशी गेली.

"आप्पा, मी उकळलेलं दिलं. माझी चूक झाली. परत घ्यायला सांगा."

आप्पासाहेब आधी दचकले, मग त्यांचा चेहरा मायेनं भरून आला.

"चंद्राबाई, सरकारच्या बाटलीत उकळलेलं पाणी? बाहेर बोलू नका गं. गुन्हा हुतो. माझ्या तोंडनं निघायचं न्हाई, शब्द हाय माझा. पुढलं सॅम्पल पावसाळ्यानंतर. तवा बघू."

"तवर पोर राहील का माझी?" प्रियदर्शनी ओरडली.

"आवं, असं अभद्र बोलू न्हाई. काय झालंच तर आपला डॉक्टर हाय की."

वाटेत प्रियदर्शनीनं मल्हारला फोन लावला. तो म्हणाला, निकाल लॅबचा, मी काय करू? तिनं फोन पर्समध्ये कोंबला.

"आता दुसरं सॅम्पल घ्यायला त्ये कशानं येत्याल?" म्हातारीनं विचारलं.

"माणूस मरायला टेकून सरकारीत गेला, की येत्यात त्ये आपल्या पायानं. सगळं तपासत्यात," प्रियदर्शनी रागानं बोलून गेली. बोलली आणि विसरली. डोक्यात साक्षीचं वजन होतं.

चंद्राबाई विसरली नाही.

हंडीतलं पाणी कमी होत नाही, हे प्रियदर्शनीच्या लक्षात यायला उशीर झाला. पाण्याच्या दिवशी सासू बाकीच्या बायांच्या आधी नळावर जाते, एवढंच तिला दिसायचं. एका सकाळी तिनं बघितलं. पहिली काळपट घागर बाजूला ठेवलेली, आणि म्हातारी तीत तांब्या बुडवून पीत होती, डोळे मिटून, कडू काढा प्यावा तशी.

"आत्या! काय करताय?"

"तान लागली."

"उकळलेलं हाय की घरात!"

"त्येनंच तर घात केला, पोरी."

प्रियदर्शनीनं तांब्या हिसकला, घागर लाथेनं उलटी केली, रडली, शिव्या दिल्या. पण म्हातारीची ही पहिलीच वेळ नव्हती.

दोन दिवसांनी पहाटे चंद्राबाईला जुलाब लागले. दिवस वर आला तोवर डोळे खोल गेले होते आणि पोटऱ्यांत गोळे आले होते. ॲम्ब्युलन्सच्या आधी आप्पासाहेबांची जीप दारात आली. बातमीला पाय असतात, आणि वस्तीतून फाटकाकडं तिला उतार होता.

"उचला, उचला. डॉक्टर वाट बघतोय," आप्पासाहेब म्हणाले.

चंद्राबाईनं खाटेचा दांडा धरला. अंगात बोटभर जीव नव्हता, पण पकड सुटेना.

"सरकारीत," ती म्हणाली.

"आवं, तितं कोण बघतंय? वेळ जातोय!"

"सरकारीत, आप्पा. तितं नाव लिवत्यात."

आप्पासाहेबांना तेव्हा सगळं कळलं. ते प्रियदर्शनीकडं वळले. "सांग की गं तिला! मरायचीय का म्हातारी?"

प्रियदर्शनीनं सासूकडं बघितलं. जीप दारात होती. जीप लवकर पोचली असती. तिच्या ओठांवर "बसा आत्या" आलंही होतं. चंद्राबाईनं नुसती मान हलवली, आणि मग कोपऱ्यात झोपलेल्या साक्षीकडं बघितलं.

"एकशे आठ येतीया, आप्पा," प्रियदर्शनी म्हणाली आणि सासूचा हात धरून बसली. त्या अर्ध्या तासाचं ओझं तिच्या खांद्यावरून पुढं कधी उतरलं नाही.

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात कॉलरा लिहिला गेला. दुसऱ्या दिवशी पथक घोडेखिंडीत आलं, चहाला नको म्हणालं, थेट शेवटच्या नळाला गेलं. पाणी सोडायला लावलं, नळाचं तोंड जाळानं भाजलं आणि वाहत्या धारेखाली बाटली धरली. कपिल मुंबईहून दवाखान्यात पोचला तेव्हा आईची मूत्रपिंडं बंद पडली होती. बाटलीचा निकाल यायच्या आधी ती गेली.

आप्पासाहेब सांत्वनाला आले. बसले. बऱ्याच गोष्टी बोलले. प्रियदर्शनीनं त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी उचलला, आणि हात मध्येच थांबला.

"उकळलेलं हाय न्हवं?"

"न्हाई. नळाचं. तुमच्या कागदावर योग्य लिवलंय त्ये."

पेला होता तसा खाली टेकला.

आता शेवटची मांडणी. दुसऱ्या बाटलीचा निकाल 'अयोग्य' आला आणि चंदेरी कार्ड हुकलं. आप्पासाहेबांच्या सोप्यात खिळा तेवढा राहिला, त्यावर हल्ली ते टोपी अडकवतात. तिकीट मात्र मिळालं, कारण नवी पाईपलाईन त्यांच्याच कारकिर्दीत झाली आणि नारळ त्यांनीच फोडला. मल्हारला नोटीस आली, बदली झाली. दादासो रोज मापानं पावडर टाकतो. गटाराखालचा फुटका सांधा काढला तेव्हा त्यातून मूठभर काळी रेव निघाली. साक्षी आता अंगणवाडीच्या नळाला तोंड लावून पाणी पिते आणि तिचं वजन भरत आलंय.

आणि या सगळ्याचं मोल कुणी फेडलं? पहिल्या सॅम्पलला तांब्याभर पाणी लागलं. दुसऱ्याला चंद्राबाई लागली.