न पाहिलेली जखम

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती आणि ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. पण गेलं दीड वर्ष तिला खुर्चीत धड बसता येत नव्हतं. योनीच्या तोंडाशी आधी खाज सुटली, मग खरखरीत चट्टा उठला, मग भरून न येणारी जखम झाली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे ती चार वेळा गेली. चारही वेळा त्यानं मान वर न करता मलम लिहून दिलं. तिसऱ्या खेपेला ती आपणहून तपासणीच्या टेबलावर चढली, तर म्हणाला, "उतरा, उतरा, गरज नाही. या वयात होतं असं."

चौथ्या खेपेनंतर रक्त आलं, तेव्हा तिनं मोठं इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिलं आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला.

ती विधवा, मूलबाळ नाही. ऑपरेशनला सोबत कोण, हे ठरवायला दीर आणि जाऊ घरी आले. दिरानं अहवाल वाचला, एचपीव्ही या अक्षरांपाशी अडला, मोबाइलमध्ये डोकं खुपसलं आणि तोंड आंबट करून म्हणाला, "वहिनी, हा विषाणू संबंधातून लागतो म्हणे."

"हो."

"दादाला जाऊन नऊ वर्षं झाली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुढे बोला ना, भावजी."

"माझं काही नाही. लोक विचारतील."

"इथं लोक कुठायत? तुम्हीच विचारताय. उद्या चला माझ्याबरोबर, आणि डॉक्टरांच्या तोंडावर विचारा."

दुसऱ्या दिवशी त्याला जावेनंच हाताला धरून आणलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "या जागेच्या सगळ्याच कॅन्सरमागे हा विषाणू नसतो. यांच्या गाठीत मात्र त्याच्या खुणा आहेत. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचं शरीर त्याला हुसकून लावतं. थोड्यांच्यात तो वर्षानुवर्षं दडी मारून बसतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुणीच सांगू शकत नाही. तुम्हालाही होऊन गेला असेल."

दिराचे कान लाल झाले. "मला?"

"हो. पुरुषांनाही यातून कॅन्सर होतो, त्यांच्या त्याच जागी. मुलं किती वर्षांची?"

"मुलगी बारा, मुलगा दहा," जाऊ म्हणाली.

"दोघांना लस द्या. वेळेवर दिली तर उपयोग मोठा."

"एवढ्याशा पोरांना कशाला नसत्या गोष्टी?" दीर पुटपुटला.

"नसत्या?" वेलांटीबाई उसळली. "माझ्या अंगाचा तुकडा कापणार आहेत, भावजी! माझी अब्रू मोजायला तुम्हाला लाज वाटली नाही, आणि पोरीला सुई टोचायला वाटते?"

तिथून ती थेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. बाकावर आठ-दहा पेशंट होते. डॉक्टर बाहेर डोकावताच तिनं त्याच्याच हातच्या चार चिठ्ठ्या पुढे धरल्या.

"चार वेळा आले. एकदाही पाहिलं नाहीत. कॅन्सर आहे मला."

"हळू बोला, बाई. तुम्हालाच संकोच वाटत असेल, म्हणून मी..."

"मी टेबलावर चढले होते! उतरा कोण म्हणालं?"

वेलांटीबाई चिठ्ठ्या घेऊन दाराकडे वळली. बाकावरच्या एका म्हातारीनं आपला नंबराचा कागद चुरगाळला आणि उठून तिच्याबरोबर चालू लागली. "कुठल्या इस्पितळात दाखवलंस, बाळ?"

ऑपरेशन जड गेलं. जांघेतल्या गाठीही काढल्या, पण रोग तिथवर पोचला नव्हता. महिनाभर जावेनं तिचं सगळं केलं. दीर दारापाशी फळं ठेवायचा, आत यायचा नाही. माफी त्यानं मागितली नाही आणि तिनंही तो विषय संपला असं म्हटलं नाही.

एका दुपारी जाऊ दोन्ही मुलांना घेऊन आली. दोघं दंड चोळत होती.

"ताई, टोचून आणलं. यांना विचारलंच नाही."

"विचारायचंच होतंस. नाही म्हणाले असते तर त्यांना माझ्याकडे पाठवायचं," वेलांटीबाई म्हणाली आणि तिनं पोरांना जवळ बसवून घेतलं.