खालच्या घोड्याची बंदूक

“ताई, आमच्या ह्यांनी कायबी बघायला दिलं, तर उगंच बरं हाय म्हणू नगा,” घरमालकीण लालबी जिन्यात म्हणाली.

माझ्या कडेवर बाळ कुरकुरत होतं, त्याला दात येत होते. मी हसून “बरं बरं” म्हटलं आणि वर गेले. नवऱ्याच्या कामाला लोक तोंडदेखलं चांगलं म्हणतात, त्याचा तिला राग असेल, असं वाटलं.

शिवाजी पेठेत आम्ही त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खाली तिच्या नवऱ्याचं, मीरासाबचाचांचं, बंदुका दुरुस्तीचं दुकान. खाली बंदुकीची दारू आणि वर पाळणा, म्हणजे माझा जीव कायम टांगलेला. चाचांनी विडी तर पेटवली नाही ना, हे बघायला मी उगाचच जिना उतरायची.

त्या हिवाळ्यात चाचा गडमुडशिंगीच्या गणपतरावांसाठी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची रायफल घडवत होते. गणपतराव डावखुरे. नेहमीच्या बंदुकीत दारू पेटवणारी तांब्याची टोपी आणि तिच्यावर आपटणारा घोडा उजव्या बाजूला असतात. डाव्या खांद्याला लावली की टोपी फुटताना ठिणगी थेट तोंडावर. शिवारातल्या डुकरांवर बार टाकताना एकदा त्यांची भुवई जळाली होती. म्हणून चाचांनी घोडाच नळीच्या पोटाखाली घेतला. चापाभोवतीची पोलादी कमान हीच त्याची स्प्रिंग.

दुकानाची एक रीत होती. नव्या बंदुकीचा पहिला बार दुप्पट दारू ठासून उडवायचा, आणि तोही घडवणाऱ्यानं, स्वतःच्या गालाला लावून.

त्या दिवशी सकाळी मी बाळाला घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसले होते. पहिल्या बारासाठी चाचांना शेतावर न्यायला गणपतराव आले होते.

“मीरासाब, झाडाला बांधू आन् लांबनं दोरी वढू की! म्हातारपणी कशाला ही हौस?”

“झाडाला गाल हाय व्हय? माझ्या गालाला चालत न्हाय ते तुमच्या गालाला कसं लावू?”

“माझ्या गालात आता काय ऱ्हायलंय? बायकोबी बघंना झालीया.”

“ती भुवई जळायच्या आदीबी बघत नव्हती की!”

हसत हसत चाचांनी मागचं बूच काढलेली नळी माझ्या हातात दिली. “उजेडाकडं धरा ताई. आत पीळ कसा पडलाय, मजा बघा.”

बोलणं गमतीचं होतं, पण नळीवरचा त्यांचा हात सुटत नव्हता. स्क्रू बसवताना ते आधी नखानं खाच चाचपतात, हे मी बरेच दिवस बघत होते. लालबी जिन्यात काय सांगत होती, ते मला आता कळलं. चाचांना मजा दाखवायची नव्हती, त्यांना माझे डोळे हवे होते.

मी बाळाला मांडीवर सावरलं आणि नळीला डोळा लावला. आत उजेड वळत वळत गेला होता. टोपीसाठी खालून पाडलेल्या भोकापाशी मात्र एक केस दिसला.

“केस आहे, चाचा.”

त्यांनी गजाला चिंधी गुंडाळून आतून फिरवली. मी परत बघितलं. केस तिथंच होता.

“समदं ठीक हाय न्हवं?” गणपतरावांनी विचारलं.

बोलले तर गिऱ्हाइकासमोर या माणसाचं उभ्या जन्माचं नाव जाणार. गप्प बसले तर थोड्या वेळानं हीच नळी त्यांच्या गालाला लागणार.

“केस नाही,” मी म्हटलं. “तडा आहे.”

चाचांनी नळी घेतली, उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

“बायकांस्नी काय कळतंय वो त्यातलं?” गणपतराव उठले. “चला, ऊन व्हायच्या आत जाऊन यिऊ.”

एवढी आयती पळवाट मिळाली होती. चाचांनी नळी खाली ठेवली.

“न्हाय, गणपतराव. भोक पाडताना जोर झाला असणार. तडा गेलाय. आन् मला त्यो दिसला न्हाय.”

मग त्यांनी नळी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि करवत घेतली. डाव्या अंगठ्यानं जागा चाचपून ते स्वतःच ती कापायला लागले. गणपतरावांनी दुसरं टोक धरलं. तुकडा सुटल्यावर ते म्हणाले, “दुसरी करा. मी थांबतो.”

लालबी चहा घेऊन आली. तिनं दोन तुकडे बघितले. कप नवऱ्याच्या हातात दिला आणि त्यांची बोटं एकेक करून कपाच्या कानाभोवती मिटवली. चारचौघांत.

दुसरी नळी घडत असतानाच आमच्या ह्यांची कुरुंदवाडला बदली झाली. इथून मी जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर निरोप धाडते, पण उलट निरोप येत नाही. पहिला बार झाला का, कुणी उडवला, काहीच कळत नाही. तुमच्यापैकी कुणी शिवाजी पेठेत जाणार असेल, तर मीरासाबचाचांच्या दुकानाशी थांबा. दार उघडं दिसलं, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून पुढं जाऊ नका. आत जा, बसा, चार गोष्टी बोला. ते तुमच्या तोंडाकडे बघून बोलतात, की नुसतं आवाजाकडे तोंड करून, एवढं मला कळवा.