सटवाईच्या नावावर

नवजात कक्षाच्या दारावर फलक आहे : "येथे प्रत्येक बाळाच्या वेदनेचे शास्त्रशुद्ध मापन केले जाते." वाक्य निर्दोष आहे, निदान व्याकरणाच्या दृष्टीने. मापन होते, पण कानांनी. बाळ रडले तर दुखते, न रडले तर वेदना शून्य. आणि श्वासनलिकेत नळी घातलेल्या बाळाला तर आवाजच फुटत नाही. आधी तोंड बंद करायचे आणि मग तक्रार आली नाही म्हणून समाधान व्यक्त करायचे, ही रीत दरबारांत फार जुनी. दवाखान्यात ती शास्त्राच्या वेषात आली.

सत्यशीलेचे बाळही, श्वासनलिकेत नळी असलेले, या शून्यात होते. पाथर्डीकडून श्रीगोंद्याला ऊस तोडायला आलेली ती सातव्या महिन्यातच, फडात, बाळंत झाली आणि टेम्पोने नगरला पोचली. बाळाच्या फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा काढायला उजव्या बरगड्यांतून एक नळी घातलेली होती. आज डावीकडून दुसरी घालायची होती. त्याआधी दुखणे मारणारे औषध द्यावे, एवढेच तिचे मागणे.

कारण पहिल्या नळीच्या वेळचा चेहरा तिने पाहिला होता. भुवया एकमेकींत रुतलेल्या, डोळे गच्च आवळलेले, नाकापासून ओठापर्यंत खोल घडी, उघड्या तोंडात ताठरलेली जीभ. रडणे सगळे होते. फक्त आवाज नव्हता.

"सटवाई रडवती गं त्याला," सासू मालनबाई बाळाच्या पेटीच्या काचेतून बघत म्हणाली. "तान्ह्या लेकरासंगं तिचा खेळच हाय त्यो."

"आत्याबाई, सटवाई रडवती तशी हसवती बी. ह्यो एकडाव तरी हसला का?"

नळी घालायला आलेल्या डॉक्टर आदिनाथांनी मात्र सासूचा तो आधार तत्परतेने उचलला. "आजी बरोबर सांगतायत, बाई. बाळं झोपेत तोंडं वेडीवाकडी करतातच." भिंतीभर पदव्या टांगणाऱ्या गृहस्थांनी, सोयीचे पडताच, देवीला कक्षात सल्लागार नेमले.

"मंग सुई टोचली की सटवाई येती न् काढली की जाती? तुमच्या हाताखाली कामाला हाय व्हय ती?" सत्यशीलेने विचारले.

परिचारिकेने हसू दाबले. डॉक्टर हसले नाहीत. "बाहेर थांबा."

"न्हाई जायची. पाया पडते, सायेब. आदी औशिद द्या."

ती खरोखरच पाया पडली. डॉक्टर तिला वळसा घालून पुढे गेले. औषध आले नाही. पाते कातडीला लागले आणि तोच चेहरा पुन्हा उमटला, घडीसकट, जिभेसकट. निळसर ओठ थरथरले. कक्षात यंत्राच्या टिकटिकीखेरीज काही ऐकू आले नाही.

नळी बसली. हातमोजे काढणाऱ्या डॉक्टरांची हनुवटी सत्यशीलेने धरली आणि बाळाकडे वळवली.

"हितं बगा. कानानं न्हाई, डोळ्यानं बगा. काय दिसतंय?"

त्यांनी तिचा हात झटकला नाही. बाळाकडे पाहतच ते म्हणाले, "पहिल्या नळीपासून दिसतंय. दुखतंय म्हटलं असतं तर औषध द्यावं लागलं असतं, आणि औषध दिल्यावर नाडी, रक्तदाब घसरतोय का ते बघायला बाळापाशी सतत माणूस बसवावं लागतं. माझ्याकडे माणूस नाही. म्हणून मी न दिसल्यासारखं केलं."