सशांनी पास केलेली भुकटी

भालचंद्रराव एकतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात होते. नमुना तपासल्याशिवाय साधा नटसुद्धा पुढे जाऊ द्यायचे नाहीत, आणि हे खूळ घरातही आलेलं. आधी एक आंबा कापायचा, मगच पेटी घ्यायची! वैजयंतीकाकू या तपासण्यांना मेटाकुटीला आल्या होत्या. पण भालचंद्ररावांनी पास केलं की टाउनशिपमधले लोक ती वस्तू डोळे मिटून विकत घ्यायचे, याचा त्यांना आतून अभिमानही वाटायचा.

स्वतःच्या दम्यासाठी एम. पी. नगरच्या फुटपाथवरून आणलेली जडीबुटीची भुकटी भालचंद्ररावांनी आधी अंगणातल्या सशांना चारली. कणकेच्या गोळीतून, तीन दिवस. ससे अगदी टुणटुणीत. मग अर्धी भुकटी वेगळ्या पुडीत बांधली, तिच्यावर लाल शाईने ‘पास’ लिहिलं आणि ती शेजारच्या मंगलाला दिली. तिच्या आठ वर्षांच्या अनूलाही दमा होता. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः दोन चमचे घेतले.

तासाभरात चेहरा लालबुंद, तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढाल्या. हवेतले न दिसणारे धागे वेचत ते बायकोलाच विचारू लागले, बाई, तुम्ही कोण? काकूंनी त्यांची औषधांची पिशवी उचलली आणि त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय खाल्लं? काकूंनी पोह्यांपासून सगळं सांगितलं, भुकटी सोडून. सशांना काही झालं नाही, मग ती कशी असेल? शेवटी डॉक्टरांनीच ती औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा पुडी निघाली. भुकटीतल्या दोन-चार अख्ख्या बिया त्यांनी निवडल्या.

"धोतरा आहे हा."

"अहो, ससे तीन दिवस खातायत."

"बऱ्याच सशांचं शरीर हे विष मोडून टाकतं. माणसाचं नाही तसं."

आता नेमके उपचार करता येतील, पण रात्रीपर्यंत काही सांगता येणार नाही, असं म्हणून ते आत गेले. आणि काकूंना मंगलाला दिलेली अर्धी भुकटी आठवली. नवऱ्याला असं टाकून जायचं कसं? त्या तशाच धावत सुटल्या.

मंगला वाटीत भुकटी मधात कालवत होती. अनू समोरच बसली होती. काकूंनी वाटी हिसकावून मोरीत उपडी केली.

"काकू, पण काकांनी पास केलंय ना?"

ओट्यावरच्या पुडीवर ती लाल अक्षरं होती. एकतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं ‘पास’ कधी खोडलं नव्हतं.

"तुझे काका चुकले, मंगला," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ अडवलेलं रडू त्यांना तिथेच फुटलं.